वावरात कोळशाचं ड्रिलिंग होणार असेल तर मशीन यायच्या आधी हे ठरवून घ्या

आमच्या वावरात कोळसा शोधायचं ड्रिलिंग होऊन गेलं, जागा पुन्हा पेरणीत आली, तरी अजून आजूबाजूच्या गावांतून फोन येतात की ताई आमच्याकडे पण खुंट्या मारून गेले, आता काय करायचं. फोनवर सांगताना काही ना काही राहूनच जातं म्हणून एकदा सगळं लिहून काढते. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी तालुक्यातले. काळी माती, कपाशी, तूर, सोयाबीन, एक विहीर आणि धुऱ्यावर दोन मोहाची झाडं. सात-बारा माझ्या आणि मामाजींच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, नावावर आहे, त्यामुळे जे काही बोलायचं, सही करायची ते आम्हा दोघांनाच करावं लागलं.

आमच्याकडे सुरुवात कागदानं झाली. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर राजपत्राची झेरॉक्स लागली, कोल बेअरिंग एरियाज ॲक्ट १९५७ (कोळसा असलेल्या जमिनींचा कायदा), कलम ४, आणि खाली गावांची नावं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की जमिनी गेल्या. मामाजी जेवले नाहीत त्या रात्री. म्हणून हे आधी सांगते, कलम ४ नं जमीन जात नाही. सरकार फक्त एवढं सांगतं की या भागात कोळसा शोधायचा आमचा इरादा आहे, आणि त्यांच्या माणसांना वावरात यायचा, मोजणी करायचा, बोअर मारायचा, लागलं तर उभं पीक किंवा झुडूप कापायचा हक्क मिळतो. मालकी तुमचीच राहते, सात-बारा तसाच राहतो, तुम्ही पेरता, तुम्हीच काढता. संपादनाचा इरादा कलम ७ ला येतो, तो कलम ४ नंतर दोन वर्षांत यावा लागतो, फार तर एक वर्ष वाढवून मिळतं, आणि तो आला की हरकत घ्यायला ३० दिवस असतात. ती वेगळी लढाई.

पण याच कायद्यात कलम ६ आहे आणि ते आमच्याकडे कोणालाच माहीत नव्हतं. वावरात शिरून जे नुकसान होणार त्याचे पैसे काम सुरू करायच्या आधी किंवा सुरू करतानाच द्यायचे असतात. आधी. नंतर बघू, बिल पास झालं की देऊ, असं नाही. रकमेवर वाद झाला तर तो त्यांनीच केंद्र सरकारकडे निर्णयाला पाठवायचा असतो. मी त्या कलमाची प्रिंट काढून प्लास्टिकच्या पाकिटात घालून ठेवली होती आणि जो साहेब येईल त्याच्या पुढ्यात ठेवायची. भांडायची गरज पडली नाही, कागद दिसला की बोलणं आपोआप नीट होतं.

आता खरं काम. माझं म्हणणं एवढंच आहे की जमीन पूर्ववत होणं न होणं हे मशीन येण्याच्या आधीच ठरतं. मशीन गेल्यावर तुम्ही कितीही अर्ज करा, एकदा काळी माती आणि मुरूम एकमेकांत कालवले गेले की ते वेगळे करायला कोणी येत नाही, आणि बोअर खालून भरलं की नुसतं वरून झाकलं हे बघायला जमिनीखाली कोणी उतरू शकत नाही.

आमच्याकडे सर्वेअर आले, त्यांच्याकडे डीजीपीएस, म्हणजे जागा नेमकी मोजायचं यंत्र होतं, एक खुंटी ठोकली ती नेमकी मोहाच्या झाडापासून चार पावलांवर. कोळशाची बोअरं एका जाळीत मारतात, बोअरपासून २०० मीटरपर्यंतचाच कोळसा सिद्ध धरतात म्हणून साधारण ४०० मीटरला एक बोअर येतं. पण याचा अर्थ खुंटी इंचभर हलत नाही असा अजिबात नाही. वीस-पंचवीस मीटरनं सरकवली तर त्यांच्या हिशोबात काही बिघडत नाही, फक्त जागेचे नवे आकडे (कोऑर्डिनेट) लिहावे लागतात. मी विचारलं, सर्वेअर म्हणाला विचारून सांगतो, दुसऱ्या दिवशी खुंटी सरकली. मोह वाचला, वर विहिरीपासून पण लांब गेली. ज्यांनी विचारलं नाही त्यांच्या एका वावरात आंब्याच्या मुळ्या तोडून खड्डे खणले. म्हणून विचारा. झाड, विहीर, नाला, घर, देवाचं ठाणं, जे काही जवळ असेल ते तोंडानं सांगा, कागदावरच्या जाळीत हे काही दिसत नाही.

मग वेळ. ड्रिलिंगवाल्यांना भादव्यात यायचं होतं. उभी कपाशी, शेजारी तूर, आणि जमीन अशी ओली की चप्पल रुतून निघते. पिकाचे पैसे देतो म्हणाले, पण पीक एका हंगामाचं असतं, ओल्या काळ्या मातीवरून पंधरा-वीस टनाचा ट्रक गेला तर ती माती आतून दाबून जी घट्ट होते ना ती पुढची कित्येक वर्षं मुळांना वाट देत नाही. हे मामाजींनी त्यांना फार नीट समजावलं, ढेकूळ हातात घेऊन दाबून दाखवलं, वरून पाणी टाकून दाखवलं. आम्ही म्हटलं माघ संपल्यावर या. गुलाबी बोंडअळीमुळे फरदड घ्यायची नाही, म्हणजे हंगाम संपल्यावर तीच कपाशी उभी ठेवायची नाही, असं कृषी खातं सांगतंच, तर जानेवारीत कपाशी काढून टाकतो, पराटीची काडी उचलतो, मग वावर रिकामं आणि जमीन कोरडी. त्यांनी आमच्या आधी पड जमिनीवरची बोअरं उरकली आणि आमच्याकडे फेब्रुवारीत आले. शिवाय येण्याजाण्याची वाट एकच, धुऱ्याच्या कडेनं, चुना टाकून आखलेली. टँकर, जीप, रॉडचा ट्रक, सगळे त्याच वाटेनं. ड्रायव्हर लोक शॉर्टकट मारतात म्हणून मोकळ्या बाजूला पराटीचे भारे आडवे टाकून ठेवले.

मशीन यायच्या आधी तलाठी, पोलीस पाटील, त्यांचा माणूस आणि आम्ही असे उभे राहून पंचनामा केला. मोबाईलवर चारही बाजूंनी फोटो, व्हिडिओ, फोटोत तारीख येईल असा सेट करून. विहिरीची पातळी दोर सोडून मोजली, दोराला गाठ मारली, आणि त्या दिवसाच्या पाण्याची एक बाटली भरून तालुक्याला तपासायला दिली. हे फार लोक करत नाहीत आणि मग नंतर विहीर गढूळ झाली म्हटलं की समोरचा म्हणतो आधी कशी होती ते दाखवा.

आणि एका साध्या कागदावर अटी लिहिल्या. वरची काळी माती वेगळी काढायची. ड्रिलिंगच्या चिखलासाठी खणलेल्या खड्ड्यात खाली प्लास्टिक अंथरायचं. डिझेल जमिनीवर सांडायचं नाही. बोअर तळापासून वरपर्यंत सिमेंटनं भरायचं. खड्डे उलट्या क्रमानं बुजवायचे. पहिल्या पावसानंतर परत येऊन खचलं असेल तिथे माती टाकायची. ग्रामपंचायतीत बसून दोन्ही बाजूंच्या सह्या. त्यांचा साइटवरचा माणूस म्हणाला, "ताई, हे कोळशाचं गाव हाये, इथं उद्या खाणच होणार, मातीचं काय घेऊन बसल्या?"

हे वाक्य तुम्हाला पण ऐकवतील म्हणून याचं उत्तर देऊन ठेवते. ड्रिलिंग झालं म्हणजे खाण होतेच असं नाही. किती तरी ब्लॉक शोधून, मोजून तसेच पडून राहतात. चिमूरजवळचा बंदर ब्लॉक २०२० मध्ये लिलावाच्या यादीत आला होता, ताडोब्याच्या वाघांच्या जाण्यायेण्याच्या मार्गात येतो म्हणून राज्य सरकारनं हरकत घेतली आणि त्याच वर्षी तो यादीतून काढला. त्याआधी ताडोब्याला लागून असलेल्या लोहाऱ्याच्या खाणीला २००९ मध्ये दिल्लीहून नकार आला. आणि समजा झालीच खाण, तरी अन्वेषण, अहवाल, लिलाव, मंजुऱ्या यात वर्षांवर वर्षं जातात, तोवर त्या वावरात कोण पेरणार? आम्हीच ना. येत्या जूनमध्ये इथे तिफन चालणार आहे असं समजूनच प्रत्येक बोअर मारलं पाहिजे. मी त्याला हेच सांगितलं आणि त्यानं सही केली.

मशीन आली तेव्हा पहिल्या दिवशी मी सकाळपासून तिथेच उभी होते, कारण माती काढायचं काम जेसीबीवाला अर्ध्या तासात उरकतो आणि जे बिघडायचं ते तेवढ्यातच बिघडतं. मशीनच्या जागेची आणि खड्ड्यांची वरची फूट-दीड फूट काळी माती पूर्वेला ढीग, त्याखालची पांढुरकी चुनखडीची माती आणि मुरूम पश्चिमेला ढीग. दोन ढिगांत चांगलं अंतर. काळ्या ढिगावर कोणी गाडी चढवायची नाही, पाय द्यायचा नाही. मग चिखलाचे खड्डे, त्याला साइटवर मड पिट म्हणतात. बोअरमध्ये बेंटोनाइट कालवलेलं पाणी सोडतात, ते खालचा चुरा घेऊन वर येतं, खड्ड्यात चुरा बसतो आणि पाणी परत फिरतं. बेंटोनाइट म्हणजे एक प्रकारची मातीच, विष नाही, पण ती इतकी फुगते आणि चिकटते की वावरात पसरली तर तिथे पाणी साचून राहतं. त्यात पॉलिमर पण घालतात. म्हणून खाली जाड प्लास्टिक हवंच, आणि खड्डा काठोकाठ भरू द्यायचा नाही, कारण उतार नाल्याकडे आहे.

डिझेलचं मात्र झालंच. मशीनच्या एका पाइपातून थेंब थेंब गळत होतं आणि खाली ट्रे ठेवलेला नव्हता. परातीएवढा काळा डाग पडला. मी फोटो काढला, त्यांच्या वरच्या माणसाला पाठवला, दुपारी ट्रे आला. पण तेवढ्यावर सोडायचं नाही. डाग लागलेली माती वीतभर खोल खणून ड्रममध्ये भरून त्यांना न्यायला लावली, नाहीतर पाऊस आला की ते पसरतं आणि तिथलं बी नीट उगवत नाही.

साइटवर एक जिओलॉजिस्ट मुलगी होती, नागपूरकडची, आमच्या पोरीपेक्षा थोडीच मोठी. तिच्यामुळे मला खालचं सगळं समजलं. लोखंडी पाइपातून दगडाचे लांब गोल तुकडे निघायचे, ते ओळीनं पेटीत रचायचे आणि प्रत्येक पेटीवर किती मीटर ते लिहायचं. आधी मुरूम, मग लालसर पिवळा वाळूचा दगड, हा कामठी नावाच्या थराचा म्हणाली, बोटानं घासला तर वाळू सुटते. मी त्यावर पाण्याचे चार थेंब टाकले, बघता बघता आत गेले. "ताई, तुमच्या विहिरीचं पाणी यातूनच येतं," ती म्हणाली. त्याच्या खाली बराकर नावाच्या थराचा राखी पांढरा दगड, काळी शेल म्हणजे पापुद्र्यांचा दगड, आणि मग कोळसा, हातात घेतला तर दगडाच्या मानानं इतका हलका की दचकायला होतं. एका शेलच्या तुकड्याला तिनं हलकेच टिचकी मारली, तो पापुद्र्यासारखा उघडला आणि आत लांबट पान, मधली शीर आणि दोन्हीकडे जाळी. ग्लोसोप्टेरिस नाव सांगितलं तिनं, पंचवीस कोटी वर्षांहून जुनं. मामाजींनी चष्मा लावून कितीतरी वेळ बघितलं ते.

त्या कामठीच्या दगडामुळेच मी बोअर भरून घेण्यावर सगळ्यात जास्त अडून बसले आणि तुम्हालाही तेच सांगते. नुकसानभरपाई हजार-दोन हजारांनी कमी मिळाली तरी चालेल, पण हे सोडू नका. बोअर म्हणजे वरच्या वावरापासून थेट पिण्याच्या पाण्यापर्यंत आणि तिथून खाली कोळशापर्यंत एक उघडी नळी. वरून फवारणीचं औषध, खताचं पाणी सरळ आत. फवारणीचं विष काय असतं ते यवतमाळ जिल्ह्यानं २०१७ मध्ये बघितलंय, किती माणसं गेली, ते वेगळं सांगायला नको. आणि खालच्या थरांचं पाणी वरच्यात, वरचं खालच्यात, जिकडे दाब कमी तिकडे. आमच्या गावात फार जुना एक पाइप एका वावरात तसाच उघडा आहे, कोणी कधी मारला होता कोणाला नीट आठवत नाही, पावसाळ्यात साचलेलं पाणी गोल फिरत त्यात जाताना मी स्वतः पाहिलंय.

ड्रिलिंग चालू असताना एका दिवशी खड्ड्यात पाणी परत यायचंच बंद झालं. ड्रिलर दादा म्हणाला रिटर्न गेला, म्हणजे पाणी खालच्या भेगेत जातंय. मी धावत विहिरीवर गेले, दोर सोडला, गाठ होती तिथेच होती, पाणी पण स्वच्छ. त्यांनी बेंटोनाइट वाढवलं, पाइप टाकला, मग पुढे गेले. पण रोज सकाळी दोर सोडायची सवय तेव्हापासून लागली.

शेवटी केबलला लांब नळीसारखं यंत्र बांधून बोअरमध्ये सोडतात, त्यानं थर मोजतात. त्यात घनता मोजायला किरणोत्सारी स्रोत असतो, त्यामुळे त्या वेळी सगळ्यांना लांब उभं केलं, पोरं आणि ढोरं तर तिकडे येऊच दिली नाहीत. ते झालं की मशीन हलवायची घाई सुरू होते आणि नेमकं इथेच लक्ष ठेवावं लागतं. मला सांगितलं गेलं की वरचे काही मीटर सिमेंट टाकून नंबरचा खांब बसवतो, सगळीकडे असंच करतो. मी सही केलेला कागद काढला. जिओलॉजिस्ट मुलगी पण म्हणाली, पूर्ण भरू. आमचं बोअर २०० मीटरच्या आसपास होतं, भोक साधारण ७६ मिलिमीटरचं, म्हणजे पोकळी झाली जवळजवळ ९०० लिटर. ५० किलोच्या एका पोत्याचं पातळ सिमेंट साधारण ४० लिटर होतं. म्हणजे बावीस-तेवीस पोती तरी लागणार, वरचं भोक मोठं असतं म्हणून थोडी जास्तच. हा हिशोब तुम्ही आधी करून ठेवा आणि साइटवर पोती किती उतरली ते मोजा, चार पोती आली असतील तर बोअर भरलं जाणार नाही, एवढं साधं आहे. आणि सिमेंट वरून ओतायचं नाही, ते मध्येच अडकतं आणि खाली पोकळी राहते. रॉड तळाला ठेवून त्यातून पंपानं सोडायचं, जसं भरत येईल तसे रॉड वर काढायचे. तोंडाशी सिमेंट आलेलं मी आणि मामाजींनी डोळ्यांनी बघितलं, दुसऱ्या दिवशी ते थोडं खाली बसलं होतं तर परत भरलं. लोखंडी पाइप जमिनीखाली दोन-अडीच फुटांवर कापला, नाहीतर नांगराचा फाळ किंवा रोटाव्हेटर त्यात अडकून मोडतो. नंबरचा खांब धुऱ्यावर रोवला आणि त्याच्यापासून बोअरपर्यंतचं अंतर कागदावर लिहिलं.

खड्डे लगेच बुजवू दिले नाहीत. ओला चिखल तसाच पुरला तर पुढे तिथे जमीन पाणी धरते आणि खचते. ऊन कडक होतं, चिखल सुकून त्याला भेगा पडल्या, मग तो आणि कोळशाचा काळा चुरा प्लास्टिकसकट उचलून नेला. काळ्या चुऱ्यात गंधक असू शकतं, हवापाण्यानं आम्ल सुटतं, म्हणून तो तर ठेवायचाच नाही. मग आधी पश्चिमेचा मुरूम, पांढरी माती, थर थर दाबत, आणि सगळ्यात वर पूर्वेची काळी माती, ती मात्र न दाबता आणि जमिनीपेक्षा वीतभर उंच, कारण पावसानं ती बसतेच. गाड्यांची वाट आणि मशीनची जागा ट्रॅक्टरनं खोल नांगरून घेतली, आडवी-उभी. उन्हाळभर ऊन खाऊ दिलं, शेणखत टाकलं आणि पावसाला ताग पेरून फुलावर यायच्या आत गाडला. त्या तुकड्यात पहिल्या हंगामात कपाशी लावलीच नाही, मामाजी म्हणाले जमिनीला दम घेऊ द्या.

तरी पण पूर्ण खरं सांगायचं तर पहिल्या पावसात एक खड्डा खचला, घमेलंभर नाही, चांगला गुडघाभर. कागदावर अट होती म्हणून फोन केला. बरेच फोन करावे लागले, पण आले, आणि बाहेरचा मुरूम न टाकता गावातल्या तलावाचा गाळ आणून टाकला. पुढच्या हंगामात सोयाबीन पेरलं. खड्ड्यांच्या जागी बाकीच्यासारखंच आलं, गाड्यांच्या वाटेवर मात्र झाडं वीतभर ठेंगणी आणि पिवळट. म्हणजे खड्ड्यापेक्षा चाकांनीच जमीन जास्त बिघडवली. तिथे आता परत शेणखत आणि तूर, तुरीचं मूळ खोल जातं.

सध्या ग्रामपंचायतीत मी एक रजिस्टर सुरू करायला लावलंय. गावाच्या शिवारात जेवढी बोअरं आहेत, नवी-जुनी, त्यांचा नंबर, गट, जीपीएस, खोली, भरलं की नाही, किती पोती, कोणी बघितलं. नवीन बोअरांची माहिती मिळते, जुनी बोअरं गावातली पोरं शोधतायत, काही तर बाभळीच्या झुडपात सापडली. त्या उघड्या पाइपाचा फोटो आणि ठिकाण घालून जिल्हाधिकारी कार्यालयात आणि भूजल सर्वेक्षणाकडे अर्ज दिलाय, पोच घेतलीय, उत्तर यायचंय. तोवर त्याच्या भोवती मातीचा उंच बांध घालून वर लोखंडी झाकण बसवलंय. तुमच्या गावात असं एखादं तोंड उघडं असेल तर पावसाच्या आत एवढं तरी करून घ्या, आणि अर्जाचा नमुना हवा असेल तर मागा, पाठवते.